मूळ माप की एक माप मोठे? १८५/६५ आर १५ आणि १९५/६५ आर १५ टायरांचा तुलनात्मक आढावा

आमच्या पाच आसनांच्या गाडीचे चारही टायर अलीकडेच बदलले आणि ते गाडीबरोबर आले होते त्याच, म्हणजे १८५/६५ आर १५ ८८एच या मापाचे घेतले. धाकट्या भावाकडे हेच मॉडेल आणि हेच इंजिन असलेली गाडी आहे. त्याने मात्र टायर बदलताना दुकानदाराच्या आग्रहावरून १९५/६५ आर १५ ९१एच हे एक माप मोठे टायर मूळ रिमवरच बसवून घेतले. दोन्ही गाड्या मी भरपूर चालवल्या आहेत, रिकाम्या आणि माणसे-सामानाने भरलेल्याही, त्यामुळे या दोन मापांची तुलना करण्याची चांगली संधी मिळाली. हा आढावा कंपन्यांचा नसून मापाचा आहे, कारण टायर घेताना कंपनी, हमी आणि सवलत यांवर जेवढी चर्चा होते, तिच्या दशांशानेही ती मापावर होत नाही. माझे मत आधीच सांगून ठेवतो: रोजच्या वापराच्या कौटुंबिक गाडीला मूळ मापाचाच टायर सर्वांत योग्य ठरतो, आणि मोठ्या मापासाठी द्यावे लागणारे जादा पैसे त्याच मूळ मापातला अधिक चांगल्या प्रतीचा टायर घेण्यात घालवणे केव्हाही श्रेयस्कर आहे.

मूळ माप कोणते, हे जुन्या टायरवरून ठरवू नये. विशेषतः गाडी दुसऱ्याकडून विकत घेतलेली असेल, तर आधीच्या मालकाने काय बसवले होते याचा भरवसा नसतो. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडल्यावर खांबावर किंवा दरवाजाच्या कडेवर, आणि काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, एक छोटे पत्रक चिकटवलेले असते. त्यावर टायरचे माप आणि पुढच्या-मागच्या चाकांत भरायच्या हवेचा दाब छापलेला असतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेतही तेच असते. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या प्रकारांना अनेकदा वेगवेगळी मापे दिलेली असतात, म्हणून नुसते मॉडेलचे नाव सांगून टायर मागवणे पुरेसे नाही.

आता त्या आकड्यांकडे नीट पाहू. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते, आर म्हणजे रेडियल पद्धतीची बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. एका छोट्या ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन परिमाणे शेजारी शेजारी बसलेली असल्यामुळे वाचणाऱ्याची गफलत होते, आणि सर्वांत मोठी गफलत त्या ६५ पाशी होते. तो आकडा स्वतंत्र उंची सांगत नाही, टक्केवारी सांगतो. त्यामुळे ६५ तसाच ठेवून रुंदी १८५ वरून १९५ केली, की टायर नुसता रुंद होत नाही, उंचही होतो. ‘फक्त १० मिलिमीटरचा तर फरक आहे’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येते. त्यात ही दुसरी वाढ सांगितलेली नसते.

हिशोब कागदावर दोन मिनिटांत करता येतो. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिलिमीटर, ही भिंत रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून दुप्पट करून २४०.५, त्यात १५ इंच रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले की चाकाचा बाहेरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. हीच आकडेमोड १९५/६५ आर १५ साठी केली तर ६३४.५ मिलिमीटर मिळतात, म्हणजे सुमारे २.१ टक्के जास्त. एक किलोमीटर जायला पहिले चाक ढोबळमानाने ५१२ फेरे घेते आणि दुसरे ५०२. टायर बदलताना खरे जपायचे असते ते हे बाहेरचे माप, कारण गाडीचा वेगदर्शक, अंतर मोजणारा काटा, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि गिअरची प्रमाणे या साऱ्यांची मांडणी त्या एका व्यासावर आधारलेली असते.

हे एकदा ध्यानात आले की इतर पर्यायही चटकन तपासता येतात. १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा सुमारे एक टक्का कमी. २०५/६० आर १५ चा ६२७, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी वाढ. पण २०५/६५ आर १५ चा ६४७.५, म्हणजे तब्बल ४.२ टक्के वाढ. शेवटच्या दोन मापांची रुंदी एकच आहे, तरी टक्केवारीतल्या पाचच्या फरकाने चाक २०.५ मिलिमीटरने मोठे झाले. रुंदी वाढवायचीच असेल तर टक्केवारी उतरवून व्यास मूळ मापाच्या जवळ ठेवावा लागतो. भावाला सुचवलेल्या मापात नेमके हेच पाळले गेले नव्हते.

वेगदर्शकाचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमावलीनुसार वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवायला मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत, म्हणजे खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी, मुभा आहे. म्हणून बहुतेक गाड्यांचे काटे थोडे वाढवूनच दाखवतात. समजा काटा १०० दाखवत असताना मूळ टायरवर खरा वेग ९६ आहे. २०५/६५ बसवले की काटा १०० वर असताना गाडी खरोखरच १०० ने जाऊ लागते आणि हाताशी असलेली सगळी सवलत संपते. याला आणखी एक बाजू आहे. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर असते आणि ती १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावाच लागतो, म्हणजे झिजता झिजता चाकाचा व्यास सुमारे १३ मिलिमीटरने घटतो. झिजेमुळे होणारा हा बदल काटा जास्त दाखवण्याच्या, म्हणजे सुरक्षित दिशेचा आहे आणि त्याची तजवीज मूळ रचनेत असते. वरच्या दिशेला तशी मोकळीक फारशी नसते.

प्रत्यक्ष चालवताना काय जाणवले, ते आता सांगतो. भावाच्या गाडीत जागेवर स्टिअरिंग फिरवताना ते किंचित जड लागते. भरलेल्या गाडीने चढ चढताना फरक अधिक स्पष्ट होतो: मोठ्या व्यासामुळे गिअरिंग उंचावल्यासारखे होते, त्यामुळे आमची गाडी जो चढ तिसऱ्या गिअरमध्ये विनातक्रार पार करते, तिथे त्याच्या गाडीला एक्सलरेटर जास्त दाबावा लागतो आणि कधी कधी दुसरा गिअर टाकावा लागतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मात्र त्याचे इंजिन जरा कमी फेऱ्यांवर शांतपणे चालते, हे मान्य केले पाहिजे. खड्ड्यातून जातानाही त्याच्या गाडीचा दणका थोडा मऊ वाटतो. बाजूची भिंत साडेसहा मिलिमीटरने उंच आहे, त्याचा हा लाभ. गाडीची जमिनीपासूनची उंचीही तेवढीच, म्हणजे साडेसहा मिलिमीटरच, वाढते. तेरा मिलिमीटर वाढल्याचे अनेकांना वाटते, पण व्यासातली अर्धी वाढ आसाच्या वर जाते. गतिरोधकावर गाडीचा तळ घासत असेल तर एवढ्याने तो प्रश्न सुटत नाही.

मोठ्या टायरने गाडीचे ॲव्हरेज घटले की नाही, याबद्दल भावाचा आणि माझा वाद होतो. तो काट्यावरच्या किलोमीटरांनुसार हिशोब करतो. परंतु मोठे चाक कमी फेरे घेत असल्यामुळे काटाच दोन टक्के कमी अंतर नोंदवतो. अशा गाडीत जुन्या आणि नव्या ॲव्हरेजची तुलना ही दुरुस्ती केल्याशिवाय करता येत नाही. नियतकालिक देखभालीचे आणि टायरच्या आयुष्याचे किलोमीटरही त्याच काट्यावर मोजले जातात, हेही विसरू नये.

रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त चिकटणारा टायर, हा समज फार पक्का बसलेला आहे. टायरचा जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः त्याच्यावरचे वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरतो. हे दोन्ही तेच असतील तर रुंदी वाढल्याने तो भाग फारसा मोठा होत नाही, त्याचा आकार बदलतो आणि तो आडवा रुंद पण लांबीला आखूड होतो. वळणावर याचा काहीसा उपयोग होतो. पण रस्त्यावर पाणी साचलेले असताना तोच रुंद पट्टा वाटेतले अधिक पाणी बाजूला सारायला बांधलेला असतो, त्यामुळे इतर गोष्टी सारख्या असतील तर रुंद टायर पाण्यावर तरंगण्याचा धोका वाढतो. ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबते हे रुंदीच्या १० मिलिमीटरपेक्षा रबराच्या मिश्रणावर आणि नक्षीच्या खोलीवर कितीतरी जास्त अवलंबून असते. मी मूळ मापातच वरच्या प्रतीचा टायर घेतला तो याच कारणाने, आणि भर पावसात ब्रेक लावताना आमच्या गाडीवर मला अधिक विश्वास वाटतो.

आता रिमकडे वळू. आमच्या दोन्ही गाड्यांच्या रिमची रुंदी साडेपाच इंच आहे. १८५/६५ आर १५ साठी पाच ते साडेसहा इंचांचे रिम मान्य असतात आणि साडेपाच इंच ही त्याची प्रमाण रुंदी आहे. १९५/६५ आर १५ साठी साडेपाच ते सात इंच मान्य असून प्रमाण रुंदी सहा इंच आहे. म्हणजे भावाचा टायर नियमात बसतो, पण अगदी काठावर. आणखी एक गोष्ट अशी की रिम अर्ध्या इंचाने अरुंद असले तर टायरची प्रत्यक्ष रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने घटते. त्यामुळे १९५ चा टायर साडेपाच इंची रिमवर जवळपास १९० चाच भरतो. ज्या १० मिलिमीटरसाठी जादा पैसे मोजले, त्यातले निम्मेच हाती आले.

जागा पुरते की नाही हे गाडी रिकामी आणि चाके सरळ असताना पाहून काहीच कळत नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, मागे माणसे बसवून आणि डिकीत सामान ठेवून पाहावे लागते. आतल्या बाजूला शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याच्या स्प्रिंगची बैठक, बाहेरच्या बाजूला मडगार्डचे प्लास्टिकचे अस्तर. भावाच्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकामागे त्या काळ्या अस्तरावर बोटभर रुंदीचा एक पट्टा चकचकीत झाला आहे. हात फिरवला की बाकीचे अस्तर खरखरीत लागते आणि तेवढाच भाग काचेसारखा गुळगुळीत. पूर्ण वळवलेल्या चाकासह गाडी गतिरोधकावरून उतरते तेव्हा टायरची कड तिथे घासते. आवाज इतका बारीक येतो की काचा बंद असल्या तर ऐकूही येत नाही. अस्तर फाटले तर त्याचा तुकडा टायरभोवती गुंतू शकतो, म्हणून अशी खूण दिसली तर तिकडे काणाडोळा करू नये.

मापापुढचे ८८एच हे चिन्ह बहुतेकांच्या नजरेतून निसटते, आणि कुटुंबाच्या गाडीत तर तेच सर्वांत मोलाचे आहे. ८८ हा भारांक. तो किलोग्रॅम दाखवत नाही, एका ठरलेल्या कोष्टकातला क्रमांक असतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८६ म्हणजे ५३०, ८८ म्हणजे ५६० आणि ९१ म्हणजे ६१५ किलो. हा भार प्रत्येक टायरचा. चार टायर मिळून २,२४० किलो आणि भरलेली गाडी त्याहून हलकी, म्हणून निश्चिंत राहावे असे नाही, कारण वजन चारही चाकांवर सारखे वाटले जात नाही. मागच्या आसनावर तिघे बसले, डिकी गच्च भरली आणि टपावरही सामान बांधले की मागच्या आसावरचा भार झपाट्याने वाढतो; वळणावर आणि खड्ड्यात एकेका चाकावर क्षणभर त्याहूनही जास्त जोर येतो. उन्हात तापलेल्या लांबच्या रस्त्यावर कमी भारांकाचा आणि कमी हवेचा टायर आतून तापत जातो, आणि टायर फुटण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. म्हणूनच पत्रकातल्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर, मग तो कितीही स्वस्त आणि नामवंत कंपनीचा असो, गाडीला लावू नये. या एका बाबतीत भावाचे टायर आमच्यापेक्षा सरस आहेत. उलट काटकसर म्हणून १७५/६५ आर १५ सुचवले जाते, तिथे भारांक बहुधा ८४ वर उतरतो आणि व्यासही ६०८.५ मिलिमीटर, म्हणजे दोन टक्क्यांनी कमी होतो. ते माप आमच्या गाडीसाठी मी साफ नाकारले.

काही टायरांवर एक्सएल अशी खूण असते. हे अधिक भार वाहणारे टायर. मात्र ती जास्तीची क्षमता जास्त दाबाच्या हवेवरच मिळते. साध्या टायरची कमाल क्षमता २५० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ३६ पीएसआय दाबावर मोजलेली असते आणि एक्सएलची २९० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ४२ पीएसआयवर. एक्सएल टायर घेऊन त्यात नेहमीएवढीच हवा भरली तर भाराच्या दृष्टीने फायदा शून्य. भारांकानंतरचे अक्षर वेगाचे: टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. तेही पत्रकात दिले असेल त्याहून खालचे घेऊ नये. एवढ्या वेगाने कोणी जात नसले तरी उष्णता सोसण्याची ताकद त्यातून कळते.

मोठ्या रिमचा मोह वेगळा. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ मिलिमीटर येतो, मूळ मापाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा, आणि वेगदर्शकाच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. परंतु बाजूची भिंत १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते, आणि खड्ड्याचा मार झेलणारी हवेची गादी तेवढीच पातळ होते. वळणावर गाडी अधिक चपळ वाटते हे खरे, पण मागे मुले झोपलेली असतात तेव्हा त्या चपळाईपेक्षा मऊ चाल महत्त्वाची. शिवाय खड्ड्याच्या कडेला रिम वाकण्याची शक्यता वाढते. आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला उत्पादकाने हे माप दिले असेल आणि रिमही त्याच रुंदीचे व ऑफसेटचे (म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते ठरवणाऱ्या मापाचे) मिळत असेल, तरच त्याचा विचार करावा.

दुकानात टायर समोर आल्यावर पेटीवरचे किंवा बिलावरचे माप न वाचता टायरच्या अंगावरचे वाचावे आणि चारही टायरांवरचे वाचावे. आमच्या बाबतीत चौथ्या टायरवर ८८एच ऐवजी ८८टी निघाले. माप बरोबर होते, म्हणून नजरचुकीने तो बसलाही असता. सांगितल्यावर दुकानदाराने तो खळखळ न करता बदलून दिला. डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ही ओळ टायरच्या एकाच बाजूला पूर्ण छापलेली असू शकते, म्हणून बसवण्याआधीच ती पाहून घ्यावी. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागच्या आसावर घालावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी सुटली तर गाडी सावरणे सामान्य चालकाच्या हाताबाहेरचे असते. एबीएसच्या सेन्सरवरून हवेचा अंदाज घेणारी यंत्रणा गाडीत असेल, तर टायर बदलून हवा भरल्यावर ती नव्याने जुळवून घ्यावी लागते.

मूळ माप सोडल्यावर हवेचा दाबही आपोआप ठरत नाही. दरवाजावरचे आकडे त्या पत्रकातल्या मापासाठीच दिलेले असतात; भाऊ तेच आकडे १९५ च्या टायरला वापरतो आणि त्याच्या बाबतीत भारांक वाढलेला असल्यामुळे निभावते, पण कमी भारांकाच्या टायरला तसे करणे धोक्याचे ठरले असते. हवा टायर थंड असताना तपासायची, आणि गाडी भरून लांब जायचे असेल तेव्हा पत्रकातला पूर्ण भाराचा आकडा पाहून मागच्या चाकांत वाढवायची, एवढे पथ्य दोन्ही गाड्यांत पाळतो.

राहिला प्रश्न स्टेपनीचा. आमची स्टेपनी मूळ मापाची असल्यामुळे ती कोणत्याही चाकाच्या जागी निर्धास्त बसते. भावाच्या डिकीत मात्र अजून १८५/६५ चीच स्टेपनी आहे, म्हणजे पंक्चर झाल्यावर एकाच आसावर १३ मिलिमीटर व्यासाचा फरक असलेली दोन चाके येणार. त्यामुळे त्याच्या गाडीचे पुढचे चाक पंक्चर झाले, तर मागचे एक चांगले चाक काढून पुढे लावायचे आणि स्टेपनी मागे बसवायची, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या पुढच्या दोन्ही चाकांचा व्यास सारखा राहतो आणि डिफरेन्शियलवर, म्हणजे त्या दोन चाकांना गरजेनुसार वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांच्या जोडणीवर, विनाकारण ताण येत नाही. रस्त्याच्या कडेला जॅक दोनदा लावण्याचे हे काम अंधारात किंवा पावसात किती नकोसे होईल याची कल्पना असल्यामुळे पाचवा टायरही १९५ चा घ्यावा, असे मी त्याला सुचवले आहे. मात्र वाढलेल्या व्यासाचे चाक डिकीतल्या खोबणीत मावते का, आणि वरची फळी नीट बसते का, हे आधी जुने चाक बाहेर काढून मोजून घ्यावे लागेल.